सर्व्हे नंबर आहे, मालकाचं नाव नाही

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. निपाणीकडच्या एका साखर कारखान्याच्या काटाघरात रात्री साडेनऊला मी एका जुनाट कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. खिडकीबाहेर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग फाटक ओलांडून रस्त्याला लागली होती. गाडी काट्यावर चढल्यापासून पावती हातात पडेपर्यंत दिवाळीत लागायचा त्याच्या तिप्पट वेळ आता लागत होता. काट्यावरचे अण्णा दर पाच मिनिटांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे.

"काय हो, सापडलं काय? भायेर लाईन कुठवर गेलीय बगा की जरा."

सापडलं होतं, पण वाचता येत नव्हतं. वजनाचा प्रोग्राम नेमका कुठे वेळ घालवतोय हे दाखवणारं अवजार मी चालवलं होतं आणि त्याने इमानदारीने उत्तरही दिलं होतं: ४१२३५०, ४१२३६४, ४१२३५०, पुन्हा ४१२३५०. शंभरातले सत्तरेक नमुने याच आसपासचे. नावाच्या रकान्यात मात्र प्रत्येक ओळीला 'अननोन'.

आमच्या सीमाभागात हा प्रकार नवा नाही. शेत डोळ्यांसमोर असतं, सर्व्हे नंबर पाठ असतो, पण पहाणी उतारा कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेला माणूस तो हातात धरून उभा राहतो आणि कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून वाट बघतो. नाव कागदावर असतंच. वाचणाऱ्याला ती लिपी येत नाही एवढाच घोटाळा. कॉम्प्युटरमधला घोटाळा साधारण याच जातीचा आहे, म्हणून तो इथे सविस्तर सांगतो.

मुकादम फडात डोकावतो

प्रोग्राम हळू चालतो तेव्हा कारण शोधायचे दोन मार्ग. एक, प्रत्येक कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी घड्याळ बघायचं. त्यासाठी प्रोग्राम उघडून आत बदल करावे लागतात आणि घड्याळ बघण्यातच वेळ जातो. दुसरा मार्ग ऊसतोडीच्या मुकादमाचा. तो प्रत्येकाच्या कोयत्यामागे घड्याळ घेऊन उभा राहत नाही. अधूनमधून फडात डोकावतो आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते बघतो. शंभर वेळा डोकावल्यावर सत्तर वेळा टोळी मोळ्या बांधताना दिसली, तर वेळ मोळ्या बांधण्यात जातोय हे कळायला हिशेब लागत नाही.

अशा अवजाराला 'प्रोफायलर' म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर या मुकादमाचं नाव 'पर्फ'. त्याला साधारणपणे सेकंदाला ९९ वेळा डोकावायला सांगतात. शंभर हा गोल आकडा टाळण्यामागे कारण आहे. कॉम्प्युटरमध्ये बरीच कामं नेमकी सेकंदाला शंभर वेळा होतात. मुकादम रोज नेमका चहाच्या वेळेला फडात आला तर त्याला टोळी कायम चहा पितानाच दिसणार. ९९ घेतलं की ती गाठ सुटते.

प्रत्येक डोकावण्यात पर्फ मुख्यतः एक आकडा टिपतो: प्रोसेसर या क्षणी मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावरची आज्ञा पाळतोय. प्रोसेसरला नावं माहीत नसतात. 'वजन घे', 'पावती छाप' ही नावं प्रोग्राम लिहिणाऱ्याची. कंपायलर त्यांचं यंत्रभाषेत रूपांतर करतो तेव्हा उरतात ते पत्ते. नावं कुठे ठेवायचीच असतील तर वेगळ्या तक्त्यात, शेवटी चिकटवून. या तक्त्यातल्या एका नोंदीला 'सिम्बॉल' म्हणतात: फंक्शनचं, म्हणजे प्रोग्राममधल्या एका कामाच्या तुकड्याचं नाव, ते कुठे सुरू होतं, किती लांब आहे. पत्त्यावरून नाव काढण्याच्या कामाला सिम्बॉल रिझॉल्व्ह करणं म्हणतात. मी त्याला उतारा काढणं म्हणतो, कारण काम तेच आहे.

दुसऱ्या गेटापासून चौथं घर

नेहमीच्या लिनक्स प्रोग्रामला उतारा कसा निघतो ते आधी बघू. म्हणजे कुठे तुटतं ते कळेल.

बेळगावात टिळकवाडीत पत्ता सांगताना घर नंबर कुणी सांगत नाही. पहिलं रेल्वे गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, आणि तिथून पुढे अमुक इतकी घरं. मेमरीतला पत्ताही असाच दोन भागांचा: पाया आणि पायापासूनचं अंतर. फरक एवढाच की टिळकवाडीतलं गेट जागचं हलत नाही, पण कॉम्प्युटरमध्ये सुरक्षेसाठी पाया दर वेळी मुद्दाम वेगळ्या जागी ठेवतात. चोराला आत काय कुठे आहे याचा अंदाज येऊ नये म्हणून. त्यामुळे नुसता पत्ता कामाचा नाही. 'आज गेट कुठे होतं' हेही माहीत हवं.

ते सांगते कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची वही. प्रत्येक चालू प्रोग्रामसाठी कर्नल एक नकाशा ठेवतो: या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतच्या जागेत अमुक फाईल, तिच्या अमुक बाइटपासून पुढची, बसवली आहे. पर्फ नमुने घेतो तेव्हा या नोंदीही टिपून घेतो. मग वजाबाकी: नमुन्याच्या पत्त्यातून पाया वजा केला की फाईलीतली जागा मिळते. ती फाईल उघडायची, तिच्या तक्त्यात त्या जागी कुठलं फंक्शन येतं ते बघायचं, झालं. लिनक्सच्या फाईलीच्या रचनेला 'ईएलएफ' म्हणतात आणि पर्फला ती व्यवस्थित वाचता येते.

या साखळीत तीन कड्या आहेत. जागेवर कुठली फाईल आहे हे कर्नलला माहीत असणं, ती फाईल अवजाराला सापडणं आणि वाचता येणं, आणि फाईलीत तक्ता असणं. चाकोरीबाहेरच्या प्रोग्राममध्ये यांपैकी एखादी कडी तुटलेली असते. पडद्यावर मात्र तिन्हींचं फळ एकच, 'अननोन'. म्हणून लोक गोंधळतात आणि दिसेल ते उपाय करत सुटतात. मीही तेच केलं, ते पुढे येईलच.

पाटी उंबऱ्यावर, आतल्या खोल्या बिननावाच्या

काट्यावरचा प्रोग्राम विंडोजचा होता, ३२ बिटचा, बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेला. मूळ कॉम्प्युटर धुळीने आणि उंदरांनी मेला तेव्हा कुणीतरी हुशारी करून नव्या मशीनवर लिनक्स टाकलं आणि हा प्रोग्राम 'वाइन'वर चालवला. वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा दुभाष्या. चालत होता, तक्रार नव्हती.

विंडोजच्या एक्झी फाईलीच्या रचनेला 'पीई' म्हणतात. ही रचना वेगळी आहे, म्हणजे उतारा दुसऱ्या लिपीत आहे, एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. खरी अडचण त्याआधीच्या कडीत आहे.

पीई फाईलीत कोडचे आणि डेटाचे विभाग असतात. डिस्कवर जागा वाचावी म्हणून ते बहुधा ५१२ बाइटच्या पटीत एकाला एक चिकटवून भरलेले असतात. मेमरीत मात्र तेच विभाग ४०९६ बाइटच्या पटीत, म्हणजे पानाच्या सुरुवातीला, बसावे लागतात. आता लिनक्सच्या कर्नलचा नियम असा, की फाईलीचा भाग थेट मेमरीत बसवून हवा असेल तर फाईलीतली त्याची सुरुवातही पानाच्या पटीत हवी. ५१२ च्या पटीत ठासलेला विभाग त्यात बसत नाही. मग वाइन काय करतो? कर्नलकडून कोरी जागा मागून घेतो आणि फाईल वाचून बाइट स्वतः तिथे ओततो. प्रोग्राम नीट चालतो. पण कर्नलच्या वहीत त्या जागेपुढे कुठल्याच फाईलीचं नाव लागत नाही. वाइनने जमीन घेतली, पेरणी स्वतः केली, आणि सरकारदरबारी नोंद 'पड' अशीच राहिली.

मी नकाशा उघडून बघितला तेव्हा हे स्पष्ट दिसलं. ४००००० ते ४०१००० या एका पानापुढे आमच्या एक्झीचं नाव होतं. ते फाईलीच्या शीर्षकाचं पान. फाईलीच्या अगदी सुरुवातीला असल्यामुळे ते पटीच्या नियमात बसतं आणि थेट बसवलं जातं. त्याला लागून ४०१००० पासून पुढे चालवता येणारी मेमरी, नाव काहीच नाही. उंबऱ्यावर पाटी आणि आतल्या खोल्या बिननावाच्या. माझे सगळे नमुने आतल्या खोल्यांतले.

इथे पर्फची एक सवय कामी आली. बिननावाच्या जागेत कोड चालताना दिसला की पर्फ समजतो, हा चालू असताना तयार केलेला कोड असणार. जावा किंवा जावास्क्रिप्ट चालवणारी इंजिनं असा कोड जागच्या जागी बनवतात, त्याला 'जिट' म्हणतात. अशा कोडची नावं कुठल्याच फाईलीत नसतात, म्हणून एक साधी रीत पडून गेली आहे: कोड बनवणाऱ्यानेच टेम्प फोल्डरात एक मजकुराची फाईल लिहायची. तिचं नाव पर्फ, मग एक आडवी रेघ, प्रोसेसचा (म्हणजे चालू प्रोग्रामचा) नंबर, आणि शेवटी डॉट मॅप. आत प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: सुरुवातीचा पत्ता, लांबी, नाव. बस. पर्फच्या अहवालात बिननावाच्या जागेपुढे या फाईलीचं नाव झळकतं. ती फाईल अस्तित्वात नसली तरीही! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं फाईल आहे आणि आत काहीतरी बिघडलंय. प्रत्यक्षात ते मागणीपत्र असतं. 'मला ही फाईल मिळाली नाही, आणून दे.'

मग दिली की आणून. प्रोग्राम जिट नव्हता, पण पर्फ ते विचारत बसत नाही.

वजाबाकी, आणि माझी फसगत

नावं आणायची कुठून? विंडोजच्या जगात नावांचा तक्ता बहुधा एक्झीत नसतो, शेजारच्या 'पीडीबी' फाईलीत असतो. ती मिळाली नाही. पण कारखान्याच्या कपाटात प्रोग्रामच्या जुन्या फोल्डरांची सीडी होती आणि तिच्यात एक मॅप फाईल. प्रोग्रामचे तुकडे जोडून एक्झी बनवणारा लिंकर मागितल्यास अशी फाईल बनवून देतो. साधा मजकूर, वर पायाचा पत्ता ४०००००, खाली एकेका फंक्शनचं नाव आणि पत्ता.

आकडेमोड समोर करून दाखवतो. हे आकडे सोळाच्या पद्धतीतले आहेत, त्यांत अक्षरंही येतात. सोयीसाठी बिनअक्षरी घेतलेत. नमुना ४१२३५०. पाया ४००००० वजा केला, उरलं १२३५०. पहिला विभाग पायापासून १००० वर सुरू होतो, म्हणून विभागातलं अंतर ११३५०. मॅप फाईलीत पहिल्या विभागात ११३०० वर एक फंक्शन सुरू होतं आणि पुढचं ११४८० वर. ११३५० या दोहोंच्या मध्ये, म्हणजे नमुना पहिल्या फंक्शनचा. मॅप फाईल लांबी सांगत नाही, पण पुढच्याची सुरुवात वजा याची सुरुवात म्हणजे १८०. तर पर्फसाठी ओळ झाली: ४१२३००, १८०, नाव. सगळ्या फंक्शनांसाठी हे करायला दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो.

पाया दोन्हीकडे ४००००० च निघाला, ही जुन्या एक्झीची कृपा. हलवता येण्यासाठी लागणारी माहिती तिच्यात नव्हतीच, म्हणून ती ठरलेल्या जागीच बसायची. नव्या प्रोग्राममध्ये पाया हललेला असतो. तेव्हा मॅपमधला पाया वजा करायचा आणि नकाशात दिसणारा आजचा पाया मिळवायचा.

एक गंमत. फाईल लिहिली, अहवाल पुन्हा काढला, तरी 'अननोन'. अर्धा तास डोकं खाजवलं. पर्फ मी रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन चालवत होतो आणि पर्फसाठी लिहिलेली मॅप फाईल साध्या वापरकर्त्याच्या मालकीची होती. परक्याच्या मालकीची फाईल पर्फ मानत नाही. चालवणाऱ्याची हवी किंवा रूटची. मालकी बदलली आणि नावं दिसली. आणि यासाठी नमुने पुन्हा घ्यावे लागले नाहीत, कारण नावं शोधायचं काम अहवाल काढताना होतं, नमुने घेताना नाही.

सत्तर टक्के नमुन्यांपुढे नाव आलं: पावतीवर कन्नड अक्षरं उमटवणारं फंक्शन.

मला ते लगेच पटलं. जुना प्रोग्राम, कन्नड फॉन्ट, वाइन, कुठेतरी अक्षरं जुळवण्यात वेळ जात असणार. खरं सांगायचं तर आमच्या भागात कशाचाही दोष भाषेवर ढकलायला फार पुरावा लागत नाही. मी अण्णांना थाटात सांगितलं, पावतीची भाषा बदलून बघू.

अण्णा हसले. "न्हाई ओ. पावती छापायच्या आदीच अडकतंय की त्ये. रिकामी गाडी चडवली, नंबर टाकला, की तितंच थांबतंय. प्रिंटर तर अजून हललेला बी नसतोय."

प्रोफायलर न वापरता माणसाने माझा अहवाल खोडून काढला. मॅप फाईलीच्या डोक्यावर ती बनल्याची वेळ असते, आणि एक्झीच्या शीर्षकातही लिंकर वेळेचा शिक्का मारतो. जुन्या लिंकरच्या फाईलींत हे दोन्ही शिक्के जुळले पाहिजेत. मी ते बघितलंच नव्हतं. बघितलं, तर मॅप आधीच्या आवृत्तीची होती. मधे कुणीतरी चार फंक्शनं वाढवली होती आणि पुढचे सगळे पत्ते सरकले होते. सीडीवर त्याच नावाची दुसरी मॅप फाईल दुसऱ्या फोल्डरात होती, शिक्का तंतोतंत तोच. तिच्यातून काढलेलं नाव वेगळंच होतं: 'फाइंड व्हेइकल'.

पुढचं समजायला प्रोफायलर लागला नाही. भरलेल्या गाडीचं वजन होतं तेव्हा नोंद पडते. गाडी ऊस टाकून रिकामी परत काट्यावर येते तेव्हा तिची मघाची नोंद शोधावी लागते. प्रोग्राम ती नोंद हंगामाच्या पहिल्या दिवसापासून शोधत यायचा, एकेक गाडी नंबर अक्षरागणिक ताडून. दिवाळीत नोंदी थोड्या, काही जाणवायचं नाही. संक्रांतीपर्यंत नोंदींचा डोंगर.

तीच फाईल, की त्याच नावाची दुसरी?

त्या रात्रीनंतर 'अननोन'पेक्षा चुकीच्या नावाला मी जास्त भितो. 'अननोन' निदान आपलं अज्ञान कबूल करतं.

लिनक्सच्या फाईलींसाठी यावर चांगला इलाज आहे, 'बिल्ड आयडी'. प्रोग्राम तयार होताना त्याच्या मजकुरावरून एक ठसा काढून फाईलीतच ठेवतात, बहुधा २० बाइटचा, म्हणजे लिहिला तर ४० अंकाक्षरं. मजकूर बदलला की ठसा बदलतो. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं. नाव बदललं, गल्ल्या त्याच राहिल्या. फाईलींचं नेमकं उलटं होतं. नाव तेच राहतं आणि आतल्या गल्ल्या बदलतात. म्हणून अवजारांनी नावावर न जाता ठसा बघावा. विंडोजची पीडीबी फाईलही एक्झीशी अशाच खुणेने बांधलेली असते; खूण जुळली नाही तर चांगली अवजारं ती उघडत नाहीत.

बिल्ड आयडीचा दुसरा उपयोग म्हणजे सोललेले प्रोग्राम. वाटण्याआधी फाईल लहान व्हावी म्हणून नावांचा तक्ता काढून टाकतात, त्याला 'स्ट्रिप' करणं म्हणतात. उसाची पाचट काढावी तसं. यात तिसरी कडी तुटते. लिनक्सची मंडळी ही पाचट फेकत नाहीत, वेगळ्या फाईलीत बांधून ठेवतात आणि तिला ठशाच्या नावाने लावून ठेवतात. २०१९ पासून 'डीबगइन्फोडी' नावाची सोय आहे: अवजार ठसा पाठवतं, दूरचा सर्व्हर त्याच ठशाची नावांची फाईल परत पाठवतो. फेडोरा, डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांचे असे सर्व्हर चालू आहेत. तुम्ही स्वतः बनवलेल्या प्रोग्रामची पाचट मात्र तुम्हालाच सांभाळावी लागते, कारण ती जगात दुसरीकडे कुठेच नसते.

सोललेल्या फाईलीतही थोडी नावं उरतात, इतर प्रोग्रामना हाक मारता यावी म्हणून ठेवलेली. इथे एक सापळा आहे. काही अवजारं पत्त्याच्या अलीकडचं सगळ्यात जवळचं नाव उचलतात आणि पुढे 'अधिक इतकं' असं अंतर लिहितात. मधली शेकडो फंक्शनं निनावी असली तरी सगळ्यांचं पाप त्या एकाच्या माथी. गावात एकच दिवा असला की सगळ्या वाटा त्याच्यापासून सांगतात, तसं. नावापुढचं अंतर अवाढव्य दिसलं की ते नाव त्या पत्त्याचं नाही असंच धरावं.

गो भाषेतले प्रोग्राम यात वेगळे पडतात. चालताना चूक झाली तर कुठल्या फंक्शनमध्ये झाली हे त्यांना स्वतःलाच सांगावं लागतं, म्हणून ते नावांचा एक खासगी तक्ता आतच बाळगतात आणि तो सोलूनही जात नाही. नेहमीचा तक्ता शोधणाऱ्या अवजाराला तिथे काही मिळत नाही. हा खासगी तक्ता वाचता येणाऱ्याला सगळं मिळतं.

नाव खरं, पण कालचं

जिटच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. मजकुराच्या मॅप फाईलीत पत्ता आणि नाव असतं, वेळ नसते. जावाचं किंवा जावास्क्रिप्टचं इंजिन एखादं फंक्शन आधी कामचलाऊ बनवतं, फार वापरात आलं की पुन्हा चांगलं बनवतं, जुनं टाकून देतं आणि त्या जागी दुसरंच काही आणून बसवतं. म्हणजे एकाच जागेवर सकाळी भाजीवाला, संध्याकाळी भेळवाला. नमुना सकाळचा आणि यादी संध्याकाळची असेल तर भाजीचा गल्ला भेळवाल्याच्या नावावर जमा होतो. यासाठी 'जिटडम्प' नावाची थोरली रीत आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीला वेळ असते आणि बनवलेला कोडही जोडलेला असतो. नमुने घेऊन झाले की 'पर्फ इंजेक्ट' ही आज्ञा दोन्ही वेळा ताडून पाहते.

ही नावं आपोआप मिळत नाहीत, मागावी लागतात. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडला सुरू करतानाच तसा पर्याय द्यावा लागतो. पायथॉनमध्ये ही सोय २०२३ च्या ३.१२ आवृत्तीपासून आली. त्याआधी पायथॉनचा कुठलाही प्रोग्राम मोजला तरी बहुतेक वेळ पायथॉन चालवणाऱ्या दुभाष्याच्या एकाच मोठ्या फंक्शनमध्ये दिसायचा, म्हणजे मुकादमाने 'माणसं फडात आहेत' एवढाच निरोप आणावा. जावाच्या १७ व्या आवृत्तीपासून चालू असलेल्या प्रोग्रामला मधेच सांगून मॅप फाईल लिहून घेता येते.

कंटेनरची, म्हणजे प्रोग्रामला त्याच्या फाईलींसकट वेगळ्या खोलीत चालवायच्या सोयीची, भानगड त्यामानाने सोपी. आतल्या प्रोग्रामला त्याची फाईल एका रस्त्यावर दिसते, बाहेर उभ्या अवजाराला तो रस्ताच नसतो, किंवा त्याच नावाची भलतीच फाईल तिथे असते. प्रॉक फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या नावे तिच्या आतल्या जगाचा दरवाजा असतो, तिथून आत जायचं. प्रोसेसचा नंबरही आत वेगळा आणि बाहेर वेगळा असू शकतो, म्हणून मॅप फाईलीचं नाव चुकतं. हे एकदा फसल्याशिवाय लक्षात राहत नाही.

एक शेवटची बाब, कारण हिच्यात लोकांचे दिवस जातात. काही 'अननोन' ओळींना नावच नसतं, कारण तो पत्ताच खोटा असतो. पर्फ फक्त चालू फंक्शन टिपत नाही, त्याला कुणी बोलावलं, त्या बोलावणाऱ्याला कुणी, अशी मागची साखळीही काढायला बघतो. ही साखळी प्रत्येक फंक्शनने ठेवलेल्या खुणेवरून काढतात, तिला 'फ्रेम पॉइंटर' म्हणतात. थोडा वेग मिळावा म्हणून बरेच कंपायलर ही खूण ठेवत नाहीत. मग अवजार भलताच आकडा पत्ता समजून उचलतं. फेडोराने २०२३ च्या ३८ व्या आवृत्तीत आणि उबुंटूने २४.०४ मध्ये आपली पॅकेजं ही खूण ठेवून बनवायला घेतली, तेव्हापासून तिथली साखळी बरीच सुधारली. ओळखायचं सोपं आहे: तो पत्ता कर्नलच्या नकाशातल्या कुठल्याच जागेत बसत नसेल तर त्याचा उतारा काढायला जाऊ नये. ते शेतच नाही.

मी आता कुठलाही 'अननोन' दिसला की आधी नकाशा उघडतो. पत्ता नकाशात आहे का? असेल तर त्या जागेपुढे फाईलीचं नाव आहे का? नाव असेल तर ती फाईल मला दिसतेय तीच का, आणि तिच्यात तक्ता आहे का? नाव नसेल तर कोड तिथे कुणी आणून ठेवला? वाइनने, जिटने, की कुणी वेगासाठी कोड मोठ्या पानांवर हलवला? ज्याने ठेवला त्याच्याकडे नावं असतात.

काटाघरात त्या रात्री प्रोग्राम दुरुस्त करता आला नाही. मूळ सोर्स कोड कुणाकडेच नव्हता. आम्ही एवढंच केलं, की डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदी नक्कल करून वेगळ्या फाईलीत हलवल्या आणि चालू फाईलीत जानेवारी ठेवला. पुढची रिकामी गाडी चढली, नंबर टाकला, पावती आली. अण्णांनी पावती उलटसुलट करून बघितली, मग घड्याळाकडे, आणि खिडकीतून पुढच्या ट्रॅक्टरला हात केला.

हंगाम संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी नोंदी हलवायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं. बरोबरची मॅप फाईल आणि एक्झी मी एका पेनड्राइव्हवर घालून दिली. तो आता काटाघरातल्या कपाटात पाकिटात आहे. पाकिटावर फाईलीच्या शिक्क्याची तारीख अण्णांनी पेनाने घातली आहे, कन्नड आकड्यांत.